थांबलेल्या माणसांची भूक

हंगरगा नावाची गावं आपल्या भागात ढिगानं. कुणी हंगरग्याचं नाव काढलं की ऐकणारा हटकून विचारतो, "कंचं?" मग सांगणारा वडाचं म्हणतो, थडीचं म्हणतो. पण अहमदपूर, जळकोट आणि मुखेड यांच्या बेचक्यात जे वसलेलं आहे त्याला सगळे तळ्याचं हंगरगा म्हणत, आणि ते नाव घेताना माणसाचा चेहरा जरा उजळायचा. बाकीच्या हंगरग्यांना माणूस कामासाठी जाई. या हंगरग्याला हौसेनं जाई.

निजामाच्या अमलातलं मोठं तळं, तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर महादेव आणि काठावरून बेटाला नेणारी एक नाव. एवढ्या भांडवलावर अख्खं गाव पोट भरत होतं. नारळवाले होते, बांगड्यांची दुकानं होती, रंगवलेल्या पडद्यापुढं उभं करून फोटो काढणारा होता, धर्मशाळा होती. आणि घाटाच्या वरच्या पायरीशी गुरम्माची खानावळ होती.

गुरम्मा मूळची देगलूरच्या पलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिचं बोलणं निम्मं कानडी होतं आणि उरलेलं निम्मं हातवाऱ्यांचं. नवरा रेवणप्पा बोलायचा कमी आणि वाढायचा जास्त. तो ऐन उमेदीत गेला. पदरात एक मुलगी, शिवगंगा. भावकीतले म्हणाले, आता माहेरी जा. गुरम्मानं पदर खोचला, चुलाण्यात लाकूड सारलं आणि म्हणाली, "माझं माहेर, सासर, सगळं ह्या तव्यावर हाय." मग तो तवा जो तापला, तो वर्षानुवर्षं थंड म्हणून झाला नाही.

हंगरग्याच्या नावेची एक रीत होती. एकाच घरची माणसं घेऊन ती कधी निघत नसे. घर केवढंही मोठं असो, दुसऱ्या घरची माणसं येऊन बसेपर्यंत नाव खुंट्याला बांधलेली. असं का, याची उत्तरं विचाराल तितकी निघत. कुणी म्हणे, पूर्वी एका घरचं वऱ्हाड बुडालं आणि दिवा लावायलाही कुणी उरलं नाही. कुणी म्हणे, एकट्या घराचं ओझं महादेव उचलत नाही. नाव चालवणारा सटवाजी भोई एवढंच सांगे, "आज्यानं सांगितलंय."

घाटावर रोज हा संवाद ठरलेला.

"आम्ही एवढे जण हाव की! काढा नाव."

"एवढे असा न्हाई तर तेवढे. घरं किती?"

"एकच हाय."

"मग बसा. दुसरं घर येऊ द्या."

"कवा यील?"

"ते मला काय ठावं? मी नाव चालवितो, माणसं पाठवीत न्हाई."

माणसं चिडत, पायऱ्यांवर बसत. मग वरून भाजत्या भाकरीचा वास येई. गुरम्मा त्यांच्याकडं बघतसुद्धा नसे. ती फक्त तव्यावरची भाकरी उलटी करून फुगवी आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणे, "आंबाडीची भाजी आजच जमली बाई." तेवढ्यानं पायऱ्या रिकाम्या होत.

मग दुसरं घर येई. उशीर झालेला असे, ऊन चढलेलं असे, म्हणून तेही जेवायला बसे. "तुमचं कुठलं?" पासून सुरू झालेली गोष्ट "तुमची थोरली कितवी शिकली?" पर्यंत जाई. नावेतून परत येईस्तोवर पोरगी बघायचा दिवस ठरलेला असे. सासूच्या काळात खानावळीत जातीजातीच्या पंगती निरनिराळ्या बसत. गुरम्मानं ते मोडलं. नावेत गुडघ्याला गुडघा लावून आलेली माणसं काठावर वेगळी कशी बसवायची, असं तिनं एकदा सासूला विचारलं होतं. जळकोटकडची बौद्ध घरं तळं बघायला येत, महादेवाला हात न जोडता बेटावर वाऱ्याला बसत आणि परत येऊन गुरम्माच्या वरणाला नावं ठेवत दोनदा मागून घेत. गुरम्मा म्हणे, "माझ्या वरणानं लई संसार जुळविले. मोडले ते त्यांच्या त्यांच्या तिखटानं."

बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं. तळाच्या मातीला भेगा पडल्या, नाव उपडी झाली आणि तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या. पाऊस मागायला लोक तेव्हाही बेटावर येत होते, उलट जास्तच; पण कोरड्या तळातून सरळ चालत जात आणि तसेच परत फिरत. खानावळ बंद पडली. गुरम्मा खडी फोडायला गेली. दुष्काळच आहे, माणूस खाणार काय, असं सगळे म्हणत आणि ते खरंही होतं. त्याच्या आड दुसरंही एक खरं होतं, पण उपाशी गावाला तेवढं बारीक दिसत नाही. पुढं पाऊस पडला, तळं भरलं, नाव सुलटी झाली आणि गाव विसरलं.

मग लातूर जिल्हा झाला. तोवर हंगरग्याचा माणूस सरकारी कामाला उस्मानाबादला जाई. निघताना घरच्यांचा निरोप असा घेई की जणू काशीला निघालाय. आता जिल्हा हाताशी आला. पेढे वाटले गेले, हलगी वाजली, सरपंच शेषेरावांनी नवा कोट शिवला. एसटीच्या गाड्यांच्या वेळा बदलल्या, वाटा बदलल्या. जो तो म्हणू लागला, आता आपले दिवस आले.

त्याच वर्षी शिवगंगा मुखेडहून, सासरहून परत आली. हातात एक पत्र्याची पेटी. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि तिला चूल वेगळी मांडून दिली होती. गुरम्मानं काही विचारलं नाही. "हात धू. भाकरी हाय," एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपण जाऊ तेव्हा ही पोर कुणाच्या दारात उभी राहता कामा नये. हे चुलाणं तिच्या हातात जळतं द्यायचं, विझलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्याहून एक साहेब आले. चावडीपुढं सभा भरली. साहेब म्हणाले, या गावात पर्यटनाला फार वाव आहे. अडचण आहे ती नावेची. माणसं तासन् तास खोळंबतात. दगडमातीचा भराव टाकून बेटापर्यंत रस्ता केला, तर गाड्या थेट देवळापाशी जातील. चौपट लोक येतील.

शेषेरावांनी टाळी वाजवली. बांगडीवाल्यांनी वाजवली. सगळ्यांत मोठी टाळी गुरम्माची होती. ती उठून उभीच राहिली. "साहेब, चौपट लोक म्हंजी चौपट भाकरी. मी आन् माझी लेक, चार हात हाव. तुमी रस्ता करा, आमी पीठ मळतो!" सभा हसली.

सटवाजीचे हात तेवढे मांडीवरच होते. शेषेराव म्हणाले, "सटवा, तुझं पोट मारायचं न्हाई. भरावावर राखणदार म्हणून तूच."

"म्हंजी पगार?"

"पगार. खाकी शर्टबी."

सटवाजीनं आपले दोन्ही खांदे चोळले. "मग विचारता कशापायी? वल्हं मारू मारू हाडाचा भुगा झालाय. आजच टाका भराव."

असा गावातल्या एकाही माणसाचा विरोध नसलेला तो भराव. कुणी फसवलं नाही, कुणी लादला नाही. पुढं पावसानं ओढ दिली, तळं मागं सरलं, उघड्या तळावर दगड पडले, माती पडली, रूळ फिरला. दुष्काळानं गावाला या वेळी मदतच केली, असं शेषेराव म्हणत.

तळं पुन्हा भरलं त्या श्रावणात गुरम्मानं खानावळीपुढं मांडव घातला. नवे पाट आणले, मोठी पातेली आणली. पहिल्या सोमवारी मायलेकी भल्या पहाटे चुलीपुढं बसल्या. उजाडताच जीपा आल्या, ट्रॅक्टर आले, एसटीच्या जादा गाड्या आल्या. साहेब खोटं बोलले नव्हते. एवढी माणसं हंगरग्यानं कधी पाहिली नव्हती. गाड्या घाटावरून वळत, भरावावर चढत, देवळाशी थांबत, आणि नारळ फुटला की वळून त्याच वाटेनं, धुरळा मागं ठेवून, निघून जात.

दुपार कलली. दुरड्या भाकरींनी भरलेल्या होत्या. मांडवात दोन म्हातारे सावलीला बसले होते, आणि ते गावातलेच होते.

गुरम्मानं वरण चाखून बघितलं. "मीठ जास्त झालं का गं?"

"कुणी खाल्लंच न्हाई, अव्वा. मीठ कळायला नको का?"

"दृष्ट लागली."

"कुणाची? बघायलाबी कुणी थांबलं न्हाई."

त्या श्रावणात गुरम्मानं करायचं ते सगळं केलं. दारावर लिंबू-मिरची बांधली. लाल अक्षरांची पाटी रंगवून घेतली. सोमवारी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली, तिचा खव्याचा नि खसखशीचा वास भरावापर्यंत जाईल अशी. रस्त्यात उभी राहून हाका मारल्या, आणि जिनं उभ्या जन्मात कुणाला "या जेवायला" म्हटलं नव्हतं तिला ते हाका मारणं अंगावर ओझं घेतल्यासारखं वाटलं. नारळवाले हळूहळू बेटावर सरकले. फोटोवाला पडदा गुंडाळून अहमदपूरला गेला. धर्मशाळेच्या ओट्यावर शेळ्या बसू लागल्या.

एकदा तिनं भरावाच्या तोंडाशी एक जीप आडवली. खिडकीतून डोकावलेल्या बाईचं तोंड ओळखीचं निघालं. मुखेडच्या कापडवाल्यांची थोरली सून, जिची सोयरीक याच खानावळीत जुळली होती.

"जेवून जा की गं."

"भूकच न्हाई, मावशी. आता निघालो की घरीच जेवू."

"आधी तर मुक्काम करायचीस."

"आधी नाव होती की," ती बाई हसत म्हणाली आणि जीप गेली.

गुरम्मा तिथंच दगडावर बसली. आपण एवढी वर्षं भाकरी विकत होतो, असं तिला वाटत होतं. भाकरी मुखेडलाही मिळते. आपण विकत होतो तो माणसांचा खोळंबा. भूक काही चालत्या माणसाला लागत नाही. ती थांबल्यावर लागते. आणि थांबणंच आपण टाळ्या वाजवून बुजवून टाकलं.

हे तिनं शेषेरावांना सांगितलं. सरपंच वाईट माणूस नव्हता. गाव ओस पडताना तोही बघत होता आणि त्याचा कोट खुंटीवरच लोंबत होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, एक काम करू. तुमच्या शब्दाला लई मान हाय. तुमी म्हणायचं, सपनात महादेव आला. म्हणाला, भरावावरनं येणाऱ्याचा नवस मला पोचत न्हाई. नावेनं या."

"असं कवा म्हणाला?"

"म्हणाला न्हाई, पर म्हणाला असता. रीत मोडली की आपण. एका सोमवारी सांगा, चार गावांत हवा होती. सटवाची नाव अजून शाबूत हाय."

गुरम्मा घरी आली. पण ते बोलणं कुसळासारखं लुगड्याला चिकटून आलं. शिवगंगा अंगणात ज्वारी पाखडत होती. सुपातून दाणे कमी आणि वेळच जास्त पडत होता. गुरम्माला वाटलं, काय बिघडतं? देवाचं नाव घेऊन देवाकडंच तर बोलावायचं. चार दिवस ती मनातल्या मनात ते स्वप्न रचत होती. महादेव कसा आला, काय नेसला होता, कुठल्या पायरीवर उभा राहिला. चुलीपुढं एकटी असताना तिनं ते पुटपुटून पण बघितलं. चांगलं जमत होतं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं.

सोमवारी ती बेटावर गेली, सांगण्याआधी महादेवाला विचारून घ्यावं म्हणून. तीही भरावावरूनच गेली. दुसरी वाट नव्हती. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती. एक पाय वाकडा, शेजारी काठी. जळकोटच्या बाजूच्या कुठल्याशा वाडीची, पारूबाई नाव.

"एवढ्या वर्षांत पयल्यांदा आले बघ माय," ती आपणहून म्हणाली. "लगीन झाल्यापासनं काठावर यीत होते. सगळं घर नावेत चढायचं, आन् मी पायऱ्यावर चपला राखीत बसायची. नावेत चढायला ह्यो पायच तयार न्हवता. आज नातवानं जीपीत बसवून दारात आणून सोडलं." मग तिनं गुरम्माच्या हाताला धरलं. "तू हितलीच दिसतीस. असं बसून आलेलं पोचतं न्हवं त्याला?"

गुरम्माच्या तोंडात ते स्वप्न तयार होतं. नुसतं ओठ उघडायचे राहिले होते. तिनं पिंडीकडं बघितलं, म्हातारीच्या पायाकडं बघितलं.

"पोचलं, माय," ती म्हणाली. "कवाच पोचलं."

आणि त्या एका शब्दानं तिनं स्वतःचा रस्ता बंद करून घेतला. एकदा पोचलं म्हटल्यावर ते दुसऱ्या कुणाला पोचत नाही असं सांगायचं कसं? घाटावर शेषेराव वाट बघत उभे होते. ती त्यांच्या अंगावरून पुढं गेली. "सपनं पडायचं वय गेलं, शेषेरावा," एवढंच म्हणाली.

घरी येऊन तिनं पातेली पालथी घातली. "शिवगंगे, बंद करू. तुझ्यासाठी कायतरी ठिवून जाईन म्हणलं होतं. न्हाई जमलं."

शिवगंगेनं एक पातेलं उचलून सुलटं केलं. म्हणाली, "अव्वा, फाट्यावर टाकू."

"कुठल्या फाट्यावर?"

"आपल्या. मोठ्या रस्त्यावर. मुखेडची गाडी तिथं सोडती, अहमदपूरची तिथनं मिळती. जिल्हा झाल्यापासनं सरळ गाडी न्हाई. माणसं थांबतेत."

"तिथं काय हाय गं? देव न्हाई, तळं न्हाई. काय बघायला थांबतील?"

"गाडी बघायला."

गुरम्मा हसली नाही. "तुला कसं ठावं?"

"मुखेडहून आले त्या दिशी पेटीवर बसून हुते मी तिथं. सकाळपासनं. गाडी आलीच न्हाई. माझ्यासारख्या लई बाया हुत्या, लेकरं हुती. पाणी न्हाई, सावली न्हाई. समदे उपाशी. शेवटी चालत आले." तिनं पातेलं जागेवर ठेवलं. "तू इचारलं न्हाईस, म्हणून मी सांगितलं न्हाई."

गुरम्मानं लेकीकडं नीट बघितलं. ती घरी आली तेव्हा तिच्या पायाला फोड होते, ते तिनं पाहिले होते. आपल्याला वाटलं, दुःखानं अवघडली आहे. पोरगी भुकेनं अवघडली होती.

फाट्यावर बाभळीखाली पत्र्याची शेड उभी राहिली. बैलगाडीतून पाट आणि पातेली जाताना शेषेराव आडवे आले. "काकू, तुमीबी गाव सोडून राहिल्या का? मग गावात उरलं काय?"

"गाव हाय तिथंच हाय. माणसं निघून राहिली, त्यांच्या मागनं भाकरी निघाली."

सटवाजी खाकी शर्टात भरावाच्या तोंडाशी बसलेला होता. त्यानं उठून गाडीला मागून हात लावला आणि चढ पार करून दिला. मग परत जाऊन बसला. पगार चालू होता.

फाट्यावर मात्र गुरम्माचं जमेना. तिला पंगत हवी, पाट हवे, आधी भाकरी, मग वरण, मग सावकाश ताक. पंगत रंगात येई आणि लांबून गाडीचा भोंगा वाजे. अर्धं ताट टाकून माणसं धावत. गुरम्मा कंडक्टरवर ओरडे, "आरं, घास तरी गिळू दे!" तो घंटी मारे. एकदा एका शिक्षकाची गाडी गेली ती गुरम्मानं "बसा हो, ही घ्या शेंगाची चटणी" म्हणून धरून ठेवल्यामुळं. दुसरी गाडी पार कलत्या उन्हात होती. मास्तर भला, बोलला काही नाही; पण पुढच्या वेळेला शेडकडं न बघता उभा राहिला.

शिवगंगेनं मग आपलं सुरू केलं. चहा. सुशीला, म्हणजे आपले मुरमुऱ्यांचे तिखट पोहे. आणि भाकरीत चटणी घालून, घडी करून, कागदात गुंडाळून. माणसं उभ्यानं खात, चालताना खात, गाडीच्या पायरीवर लोंबकळत खात. गुरम्माला ते बघवत नसे. ताटाशिवाय भाकरी म्हणजे तिला अंगावर वस्त्र नसल्यासारखी वाटे. ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाटावर बसवी, आणि शिवगंगा पाठीमागून त्याला उठवी.

एक दिवस दुपारची गर्दी ओसरल्यावर शिवगंगा तिच्यापुढं येऊन बसली.

"अव्वा, एक सांगू? तू आता हंगरग्याला घरी जा."

"म्हंजी?"

"तू बसलीस की लोक निवांत बसतेत. निवांत बसले की गाडी चुकती. गाडी चुकली की उद्या येत न्हाईत." तिचा आवाज कडक नव्हता, हिशोबीही नव्हता. भाकरी थापताना असतो तसा होता. "तुझं चांगलं हाय ते हितं चालत न्हाई. माझं चालतंय. मला करू दे."

गुरम्मानं पुढ्यात पडलेल्या बाभळीच्या शेंगा वेचून बाजूला केल्या. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "सकाळची चूल पेटवायला मी लागते का तुला?"

"न्हाई."

"पीठ मळायला?"

"पंचफुला येती की. वाडीतली. तीबी सासरहून आलेली हाय."

"आन् मी मेले तर दुकान किती दिस बंद ठिवशील?"

"अव्वा, असं बोलू नको."

"सांग की."

शिवगंगेनं डोळ्याला पदर लावला, पण उत्तर खरं दिलं. "दुसऱ्या दिशी उघडीन. गाड्या थोड्याच थांबणार हायेत."

"हाव," गुरम्मा म्हणाली. "मग झालं."

तिनं आपलं लुगडं, पानाची डबी आणि एक जुना पाट एवढंच गाठोड्यात बांधलं. हंगरग्याकडं, बेटावर जाणाऱ्या लोकांना घेऊन चाललेली एक जीप तिनं हात करून थांबवली. जीपवाल्यानं पुढं जागा दिली. ती वर चढली आणि मागं वळून बघितलं. मुखेडची गाडी नुकतीच लागली होती. शेडपुढं माणसांचा घोळका उभा होता, पंचफुला कप विसळत होती, आणि शिवगंगेला आई निघाल्याचं भान राहिलं नव्हतं. तिचे दोन्ही हात गुंतले होते. गुरम्मानं तिला हाक मारली नाही. जीपवाला म्हणाला, "निघू का, आजी?" ती म्हणाली, "निघ."